विंडोज १० वरची जुनी मशीन लिनक्सवर नेताना कोरल, श्रीलिपी, फोटोशॉप आणि व्हिडिओचं काय करायचं?

एबीसी_डीटीपी

अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपीच्या दुकानात चार मशीन आहेत. तीन मशीन आय५ ७४०० ची, प्रत्येकी १६ जीबी रॅम आणि २४० जीबी एसएसडी. चौथं व्हिडिओसाठी: आय७ ७७००, ३२ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी. सातव्या पिढीचे प्रोसेसर असल्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

काम असं: लग्नपत्रिका, पुस्तकं, दिवाळी अंकांची पानं, थोडे लग्नाचे व्हिडिओ. कोरलड्रॉ २०१८ (कायमचा परवाना), यूएसबी डाँगलवाली (परवान्याची किल्ली यूएसबीला लावल्यावरच चालणारी) मराठी टायपिंगची श्रीलिपी, पेजमेकर ७ च्या जुन्या फाइली, फोटोशॉप आणि प्रीमियर (वर्गणी). मशीन धडधाकट आहेत, भंगारात काढायची इच्छा नाही. यातलं लिनक्सवर नक्की काय चालेल? वाइन (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर थेट चालवणारा प्रोग्राम) वापरू की व्हीएम (लिनक्सच्या आत चालणारं आभासी विंडोज मशीन)? छपाईला जाणाऱ्या फाइलीत गडबड नको.

पेठेतला_पेंग्विन

आधी कामं वेगळी करा, सॉफ्टवेअर नंतर. सगळं एकाच मार्गाने लिनक्सवर आणायला गेलात तर दोन महिने जातील आणि ऐन लग्नसराईत काम अडेल.

फोटोशॉप आणि प्रीमियर: अडोबी लिनक्ससाठी काही देत नाही. वाइनमध्ये फोटोशॉप सीएस ६ बऱ्यापैकी चालतं, पण वर्गणीवाल्या आवृत्त्यांचं घोडं क्रिएटिव्ह क्लाउडच्या लॉगिनपाशी आणि इन्स्टॉलरपाशीच अडतं. कोणी तरी पॅच काढतं, पुढच्या अपडेटला ते पुन्हा मोडतं. घरी हौसेला ठीक, दुकानात नको. फोटोशॉप रोज लागत असेल तर त्यासाठी विंडोज ११ चं एक नवं मशीन ठेवा आणि बाकीची लिनक्सवर न्या. हा सल्ला बऱ्याच जणांना पटत नाही, पण ग्राहकाची फाइल संध्याकाळी सहाला प्रेसमध्ये पोचायची असते तेव्हा तोच उपयोगी पडतो.

कोरल, श्रीलिपी, पेजमेकर: हे तिन्ही व्हीएममध्ये. इथे वाइनचा नाद करू नका, कारण श्रीलिपी कळफलकाच्या पातळीवर आणि डाँगलच्या ड्रायव्हरवर चालते. वाइनमध्ये ड्रायव्हर चालत नाहीत. कोरलला ग्राफिक्स कार्डाची फारशी गरज नसल्यामुळे व्हीएममध्ये ते निवांत चालतं.

व्हीएम केव्हीएम (व्हीएम चालवणारी लिनक्समधली सोय) आणि व्हर्ट-मॅनेजर (ती हाताळायची खिडकी) यांवर करा. बायॉसमध्ये व्हीटी-एक्स (प्रोसेसरची व्हीएमसाठीची सोय) चालू हवं. रॅम ८ जीबी, डिस्क ८० जीबी. सीपीयूच्या पानावर होस्ट-पासथ्रू निवडा आणि टोपॉलॉजी हाताने भरा: सॉकेट १, कोर ३, थ्रेड १. ही आपोआप ठेवली तर कधी कधी प्रत्येक कोर वेगळा सॉकेट म्हणून जातो. विंडोज होम एकच सॉकेट वापरतं, प्रो दोन. मग तीन कोर देऊनही व्हीएम रडत चालते आणि कारण सापडत नाही.

डिस्कचा बस (जोडणीचा प्रकार) व्हर्टआयओ ठेवा, तो खास व्हीएमसाठीचा. विंडोजच्या इन्स्टॉलरला तो ड्रायव्हर माहीत नसतो, म्हणून डिस्कची यादी रिकामी दिसते. घाबरू नका. व्हर्टआयओच्या ड्रायव्हरची आयएसओ दुसरी सीडी म्हणून आधीच जोडून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' म्हणून तिथून घ्या. विंडोज बसल्यावर स्पाइस गेस्ट टूल्स टाका, नाहीतर रिझोल्यूशन बदलणार नाही आणि कॉपी-पेस्टही होणार नाही.

कोरल २०१८ चा परवाना कायमचा असल्यामुळे एकदा ॲक्टिव्हेट झालं की त्या व्हीएमचं नेटवर्क कार्ड इंटरनेटपासून तोडा. होस्टवर (म्हणजे बाहेरच्या लिनक्सवर) सांबाचं (विंडोजशी फाइली वाटून घेणारं) एक शेअर फोल्डर आणि व्हीएमला फक्त आतलं आयसोलेटेड नेटवर्क. आधार संपलेलं विंडोज १० असं कोंडून ठेवलं तर चालतं. वर्गणीच्या अडोबीला हे जमत नाही, त्याला परवाना तपासायला ठरावीक दिवसांनी इंटरनेट लागतं. व्हीएमसाठी विंडोजचा स्वतंत्र परवाना लागेल हे हिशेबात धरा. सगळं नीट बसलं की व्हीएम बंद करून तिच्या डिस्कची फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. उद्या एसएसडी गेली तरी दुकान अर्ध्या तासात उभं राहतं.

टाइमलाइन_कोथरूड

व्हिडिओच्या मशीनबद्दल. प्रीमियर सोडून दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या. ते लिनक्सवर मुळातूनच आहे, वाइन वगैरे काही नाही. पण मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही आणि एएसी आवाजही घेत नाही. म्हणजे कॅमेऱ्यातली एमपी४ टाकली की 'मीडिया ऑफलाइन' किंवा नुसतं मुकं चित्र. इन्स्टॉलेशन बिघडलेलं नसतं, परवान्याची मर्यादा असते. लोक यावर तीन-तीनदा लिनक्स पुन्हा टाकतात. पैसे देऊन घेतलेली स्टुडिओ आवृत्ती एनव्हीडिया कार्डावर एच.२६४ उघडते. तिची किंमत २९५ डॉलर, एकदाच.

मोफत आवृत्तीवरच राहायचं तर फुटेज आधी एफएफएमपेग या रूपांतराच्या मोफत प्रोग्रामने बदलून घ्या: चित्र डीएनएक्सएचआर (संपादनासाठीचा कमी दाबलेला प्रकार), आवाज १६ बिट पीसीएम, डबा (फाइलीचा प्रकार) एमओव्ही. १०८०पी, २५ फ्रेमच्या तासाभराच्या फुटेजला एचक्यू (उच्च) दर्जात साधारण ८० जीबी लागतात, एलबी (हलक्या) दर्जात १६ जीबी. लग्नाचं सहा तासांचं फुटेज एचक्यूमध्ये केलं तर तुमची २४० ची एसएसडी दुप्पट असती तरी कमी पडेल. म्हणून एलबीच्या प्रतींवर कापाकापी करा आणि शेवटी फक्त निवडलेल्या तुकड्यांच्या एचक्यू प्रती जोडा. फाइलींची नावं आणि टाइमकोड तेच ठेवा म्हणजे रीलिंक करताना (प्रकल्पाला नव्या प्रती जोडताना) त्रास नाही. लिनक्सला फाइलीच्या नावातली मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं वेगवेगळी वाटतात. विंडोजवरच्या प्रकल्पातून आलेल्या निम्म्या लिंका यामुळे तुटतात.

१०५० टीआयवर १०८०पी ठीक. ४के टाइमलाइन, त्यावर नॉइज रिडक्शन घातलं की 'जीपीयू मेमरी फुल' येणारच. दुसरं म्हणजे, या कार्डाची पास्कल पिढी एनव्हीडियाच्या ५८० मालिकेच्या ड्रायव्हरपर्यंतच आहे. त्यामुळे रोज नवं कर्नल देणारं वितरण या मशीनवर घेऊ नका. मिंट २२ किंवा रॉकी घ्या. रिझॉल्व्हची कंपनी अधिकृतपणे रॉकी लिनक्स ८.६ धरते. लिनक्सबरोबर येणाऱ्या नूव्हो या मोफत ड्रायव्हरवर रिझॉल्व्ह चालत नाही, एनव्हीडियाचा स्वतःचाच लागतो.

प्रीमियरचे जुने प्रकल्प फायनल कट प्रो एक्सएमएलमधून आणता येतात. कट आणि ट्रॅक येतात; अडोबीचे इफेक्ट आणि टायटल येत नाहीत. त्यांची कामं हाती असेपर्यंत वर्गणी बंद करू नका.

नुसती कापाजोड, गाणं आणि नावं एवढंच असेल तर केडेनलाइव्ह हे मोफत व्हिडिओ संपादक पाहा. ते एमपी४ थेट उघडतं, वर लिहिलेला निम्मा खटाटोप वाचतो. रंगकाम मात्र रिझॉल्व्हचंच.

रफार_आणि_वेलांटी

छपाईबद्दल कोणी बोललं नाही आणि खरी जोखीम तिथेच आहे.

श्रीलिपीच्या जुन्या फाइलींतला मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) नसतो. त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या मराठी आकृत्या असतात, आणि दिसतात त्या क्रमाने साठवलेल्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारा रूपांतरक हा क्रम फिरवताना गडबडला की 'आर्थिक'चं 'आथिर्क' होतं, 'धार्मिक'चं 'धामिर्क'. रूपांतर झाल्यावर लिब्रेऑफिसमध्ये वेलांटी आणि लगेच रफार अशी जोडी शोधा. 'निर्णय', 'निर्मिती', 'बहिर्गोल' यांत ती बरोबर असते, बाकी प्रत्येक ठिकाणी थांबून पाहा.

याहून वाईट चूक ऱ्य आणि ऱ्ह ची. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर शुद्धलेखन तपासनीसाला काहीच खटकत नाही, कारण दोन्ही शब्द खरे. तऱ्हा, पुऱ्या, सुऱ्या, गोऱ्हे असे शब्द हाताने तपासावे लागतात. आडनावांत तर हमखास. लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं तर पुन्हा छपाई तुमच्या खिशातून.

म्हणून जुनी कामं तशीच व्हीएममध्ये ठेवा. पुनर्मुद्रणाला श्रीलिपीतून आहे तशी पीडीएफ काढा, फाँट आत घालून किंवा कोरलमध्ये कंट्रोल-क्यू करून वळणांत बदलून. नवी कामं मात्र पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्ये करा. लिनक्सवर आयबसमध्ये (टायपिंगच्या सोयीत) मराठी इनस्क्रिप्ट कळफलक लावा. श्रीलिपीवर टाइपरायटर कळफलकाची सवय असलेल्या ऑपरेटरला इनस्क्रिप्टवर हात बसायला वेळ द्या, हंगामाच्या तोंडावर हा बदल करू नका.

पुस्तकांसाठी स्क्रायबस (पानं मांडायचं मोफत सॉफ्टवेअर) १.६ किंवा पुढचं. १.४ वर देवनागरी जोडाक्षरं तुटतात, आणि इंटरनेटवरचे जुने 'स्क्रायबसवर मराठी होत नाही' हे शेरे त्याच आवृत्तीचे आहेत, आता लागू नाहीत. जानेवारी २०२४ मधल्या १.६ पासून स्थिर आवृत्तीत हे काम नीट होतं. मोठं पुस्तक एकाच फाइलीत, सगळ्या चौकटी जोडून केलं तर मात्र ते जड होतं. प्रकरणागणिक फाइल करा.

इंकस्केपची (कोरलसारख्या मोफत सॉफ्टवेअरची) पीडीएफ आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) निघते. ती प्रेसला तशीच दिली तर सीएमवायके (छपाईचे चार रंग) करताना काळा मजकूर चार रंगांत फुटतो. मग प्लेटा केसभर सरकल्या तरी बारा पॉइंटच्या अक्षराला लाल-निळी कड दिसते आणि अनुस्वार भरून जातात. इंकस्केपमधलं चित्र एसव्हीजी म्हणून स्क्रायबसमध्ये आणा, तिथे काळा रंग ०-०-०-१०० असा नेमून द्या, आणि पीडीएफ/एक्स (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) निवडून काढा. तो पर्याय करडा दिसला तर रंगव्यवस्थापन बंद आहे. ते चालू करून प्रोफाइल द्या. कोणतं प्रोफाइल, हे प्रेसला विचारा. आर्ट पेपरचं आणि मॅपलिथोचं वेगळं असतं.

फोटोंसाठी गिंप ३ आणि क्रिटा दोन्ही ठेवा. गिंपमध्ये सीएमवायकेची झलक दिसते आणि निर्यातही होते, पण थेट सीएमवायकेत काम करायचं तर क्रिटा. पीएसडी दोन्हींत उघडते; स्मार्ट ऑब्जेक्टचं साधं चित्र होऊन जातं, हे ग्राहकाची फाइल परत पाठवण्याआधी लक्षात ठेवा.

एबीसी_डीटीपी

सगळ्यांचे आभार. एका मशीनवर मिंट २२ आणि व्हीएम, व्हिडिओच्या मशीनवरही मिंट २२ टाकलं. आता तीन गोष्टी अडल्यात. व्हीएमची खिडकी बंद केली की श्रीलिपी 'डाँगल नाही' म्हणते. रिझॉल्व्हचा इन्स्टॉलर पॅकेज नाहीत म्हणून थांबत होता. तपासणी वगळून बसवलं, तर आता आयकॉन दाबून काहीच होत नाही. आणि केडेनलाइव्हऐवजी रिझॉल्व्हच ठरवलं तर ग्राहकाला द्यायची एमपी४ कशी काढायची?

पेठेतला_पेंग्विन

डाँगल तुम्ही खिडकीच्या मेन्यूतून 'रीडायरेक्ट यूएसबी'ने जोडला असणार. ती जोडणी खिडकी उघडी असेपर्यंतच. व्हीएमच्या तपशिलात 'ॲड हार्डवेअर', मग 'यूएसबी होस्ट डिव्हाइस' आणि यादीतून डाँगल निवडा. मग खिडकी बंद असली तरी तो आतच राहतो. व्हीएम सुरू करण्याआधी डाँगल मशीनला लावलेला हवा, नाहीतर व्हीएम सुरूच होत नाही. डाँगल मागच्या पोर्टला लावा आणि तिथून हलवू नका. हब नको.

टाइमलाइन_कोथरूड

इन्स्टॉलर थांबला कारण मिंट २२ ज्या उबुंटू २४.०४ वर उभं आहे तिथे काही पॅकेजांच्या नावांना 'टी६४' ही शेपटी लागली. पॅकेज असतात, नाव जुळत नाही. तपासणी वगळली ते बरोबरच. आता टर्मिनलमधून रिझॉल्व्ह सुरू करा म्हणजे खरी तक्रार दिसेल. 'सिम्बल लुकअप एरर' आणि त्यात पँगोचं नाव असेल तर कारण हे: रिझॉल्व्ह स्वतःबरोबर जुनी जीलिब (एक सामाईक लायब्ररी) आणतं आणि सिस्टिमच्या नव्या लायब्ररींना ती पुरत नाही. सिस्टिमच्या 'ऑप्ट' फोल्डरात असलेल्या रिझॉल्व्हच्या लिब्स फोल्डरात नवं फोल्डर करा आणि लिबजीलिब, लिबजीआयओ, लिबजीमॉड्यूल, लिबजीऑब्जेक्ट या नावांनी सुरू होणाऱ्या फाइली त्यात सरकवा. पुसू नका. रिझॉल्व्हची नवी आवृत्ती टाकल्यावर हे पुन्हा करावं लागतं.

एमपी४ साठी: मोफत आवृत्तीतून डीएनएक्सएचआर एचक्यू, पीसीएम आवाज, एमओव्ही अशी मूळ प्रत काढा. मग एफएफएमपेगने एक्स२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८, आवाज एएसी. इथे पिक्सेल फॉरमॅट (रंगाची मांडणी) वाययूव्ही४२०पी असा स्पष्ट द्यायचाच. मूळ प्रत ४:२:२ आहे, आणि न सांगितल्यास एफएफएमपेग एमपी४ पण ४:२:२ च करतं. तुमच्या व्हीएलसीवर ती सुरेख दिसते, ग्राहकाच्या फोनवर किंवा टीव्हीवर काळा पडदा आणि नुसती सनई. पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून द्या. फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढची फाइल बसत नाही. टीव्ही जुना असेल तर एक्सफॅटही वाचत नाही, तेव्हा व्हिडिओचे ४ जीबीच्या आतले भाग करून फॅट३२ वर द्या.