महागडा माईक घ्या म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

खिडकीतला_कावळा:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "दहा हजारांच्या आतला माईक म्हणजे पैसे पाण्यात. सरळ कंडेन्सर घ्या." वाचून डोकं फिरलं, कारण हाच सल्ला ऐकून मी तोंडघशी पडलोय. कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माईक, आणला, टेबलावर दोन हात लांब ठेवला आणि कथावाचन रेकॉर्ड केलं. माझ्यापेक्षा शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या स्पष्ट! हॉलमध्ये घुमतंय ते वेगळंच. शेवटी सातशे रुपयांचा कॉलर माईक लावला, बेडरूममधलं कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसलो, पाठीमागे दोरीवर गोधडी टाकली. काम झालं. माईक तोंडापासून वीतभर हवा. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, मग आपण गेन, म्हणजे माईकची आवाज पकडण्याची पातळी, वाढवतो आणि पंख्याची घरघरही वर येते. हे फुकटात होतं, म्हणून कुणी सांगत नाही.

स्टुडिओकर:
कालचा तो मीच. दोन हात लांब ठेवलात तुम्ही आणि शिव्या कंडेन्सरला? बरेच कंडेन्सर बाजूने बोलायचे असतात, टोकाकडून नाही. पुढची बाजू कुठली ते तरी पाहिलंत का? आणि कॉलर माईक सदऱ्याला घासला की खरखरतो, ते नाही लिहिलंत.

खिडकीतला_कावळा:
बरं बाबा, टोकाकडून बोलत होतो. घाला हार. पण खोली घुमत होती ती बाजू बदलून थांबणार होती का?

माध्यमिक_बाई:
तुमचं कथावाचन राहू द्या, आमचे ऑनलाइन तास बघा. ब्लूटूथ इअरबड लावून शिकवत होते, मुलं म्हणायची, "बाई, विहिरीतून बोलताय." माईक सुरू झाला की ब्लूटूथ फोनकॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाजाची रया जाते. भाच्याने मोबाइलसोबत आलेला जुना वायरचा हेडफोन लावून दिला, प्रश्न मिटला. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आमच्या जुन्या वाड्यात अर्थिंग नाही, तो लावला की गुंईं सुरू.

वऱ्हाडी_ठेचा:
ते पंख्याचं पुन्हा बोला. मे महिना, नागपूर, ४५ डिग्री. इथे पंखा नाही, कूलर चालतो, वाळ्याच्या ताट्यांचा, पंपासकट. "रेकॉर्डिंगला पंखा-कूलर बंद करा" म्हणणाऱ्यांनी एक दुपार येऊन बसावं.

मुळाकाठ:
पहाटे पाचला रेकॉर्ड करा की. पुण्यातही उकडतंच.

वऱ्हाडी_ठेचा:
पुण्यात उकडतं? दुपारी दुकानं उगाच बंद ठेवता का मग, झोपायलाच ना? पहाटे पाचला आमच्या गल्लीत पाण्याच्या मोटारी सुरू होतात. मी कथेचं एक पान कूलर बंद करून वाचतो, मग पाच मिनिटं चालू. बावीस पानांची कथा होती. घामाचे थेंब माईकच्या फोमवर पडत होते, आणि हे मला उकाडा शिकवणार!

मुळाकाठ:
दुकानांचा विषय कुठून काढला? सगळ्या पुण्याला एका मापात तोलू नका. माझं तर दुकानच नाही.

स्टुडिओकर:
भांडा निवांत. ठेचाभाऊ, कूलर असेल तर कंडेन्सर नको. डायनॅमिक माईक घ्या, तो लांबचे बारीक आवाज कमी टिपतो, आणि ओठांजवळ धरा. शूर कंपनीचा एसएम५८ हा डायनॅमिक माईक १९६६ पासून गोंगाटात हेच काम करतोय.

खिडकीतला_कावळा:
म्हणजे जवळून बोलायचं. मी वेगळं काय म्हणालो होतो?

स्टुडिओकर:
कुठल्या माईकने, हे तुम्ही नव्हतं सांगितलं. आणि त्याची पाठ कूलरकडे करा, पाठीकडून तो कमी ऐकतो. तुमचं तोंड कूलरकडे, वाराही मिळेल.

वऱ्हाडी_ठेचा:
केलं. आवाज खरंच बरा आला, मानलं. पण तिसऱ्या पानानंतर सगळे कागद उडून पलंगाखाली गेले. आता वाचू काय?

माध्यमिक_बाई:
पाटावर ठेवून चिमटे लावा. कपड्यांचे.