मदत हवी आहे: अक्कलदाढ काढल्यावर शेजारच्या दाढेचं आणि हिरडीचं काय होतं?

वेळणेश्वर:
बहिणीची (वय ३१) खालची डावी अक्कलदाढ आडवी वाढून पुढच्या दाढेला टेकली आहे. हिरडी दोनदा सुजून पू झाला. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे काढलाय. पुढच्या दाढेमागे ६ मिमी खोल पॉकेट (हिरडी दाढेपासून सुटून झालेली फट) आहे, असं डॉक्टर म्हणाले. चिपळूणला दाढ काढायचं ठरतंय. काढताना शेजारची दाढ हलेल का? तिच्यामागे खड्डा कायमचा राहील का? गुहागर तालुक्यातून किती फेऱ्या धराव्यात?

सुरंगी:
दोनदा पू झालाय, तेव्हा आता लांबवू नका. दाढ टेकते तिथं ब्रश पोचत नाही. अन्न अडकून शेजारच्या दाढेची मागची बाजू हिरडीखाली किडते आणि तिथलं हाड झिजतं. ओपीजीत बारीक कीड निसटते, म्हणून त्या जागेचा छोटा एक्स-रेही आधी काढून घ्या.

अशी आडवी दाढ सहसा अख्खी उपटत नाहीत. हिरडी उघडून, गरजेपुरतं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढतात. दाढ उचकटायच्या हत्याराचा, एलेव्हेटरचा, जोर शेजारच्या दाढेवर आला तर ती हलते किंवा तिचं फिलिंग निखळतं. त्या दाढेत मोठं फिलिंग किंवा कॅप असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. किंचित हललेली दाढ बहुतेक वेळा काही आठवड्यांत घट्ट होते.

खड्ड्याचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. वरची हिरडी साधारण ३-४ आठवड्यांत मिटते, आत हाड भरायला काही महिने जातात. पंचविशीच्या आत ते छान भरतं. तिशीनंतर, त्यातही आधीच ६ मिमी पॉकेट असेल, तर थोडी खोली उरू शकते. ती कमी राहावी म्हणून दाढ काढतानाच शेजारच्या दाढेच्या मुळावरचा मागचा टारटर (साचलेला कडक थर) खरवडून घ्यायला सांगा. नंतर तिथं हात पोचत नाही. आजचा ६ मिमीचा आकडा केसपेपरवर लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या. जखम भरतेय तोवर कोणालाही तिथं प्रोब (खोली मोजायची सळई) घालू देऊ नका.

खाडीकाठ:
फेऱ्या किमान दोन: दाढ काढायची आणि साधारण ७ दिवसांनी टाक्यांची. पहिली रात्र चिपळुणातच काढा. रात्री रक्त थांबलं नाही तर घाटवळणांच्या रस्त्याने परत जाणं नको.

गॉज (जखमेवर ठेवलेला कापडी बोळा) ४५ मिनिटं दाबून धरायचा, दर पाच मिनिटांनी उघडून बघायचा नाही. पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. नाहीतर जखमेतली रक्ताची गुठळी निघून येते. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर दर वेळी. चूळ जोरात खुळखुळवायची नाही, तोंडात धरून सोडायची. जेवायला कोमट पेज, मऊ भात, वरण. काटेरी मासे आणि कुरकुरीत काहीही आठवडाभर बंद. मिश्री लावायची सवय असेल तर तीही बंद, जखम भरण्यात तंबाखू मोठा अडथळा आहे.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढून उतरते, ते ठीक. पण तिसऱ्या दिवशी दुखणं वाढून कानाकडे जायला लागलं आणि तोंडाला वास आला तर ड्राय सॉकेट (गुठळी जाऊन खड्ड्यातलं हाड उघडं पडणं) समजा. लवंगतेल ओतू नका, डॉक्टर धुऊन औषधाची पट्टी भरतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा धोका वाढतो, आधी सांगा. गिळायला किंवा श्वासाला त्रास, सूज गळ्याकडे उतरणं, ताप: यात सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

वेळणेश्वर:
खूप आभार. अक्कलदाढ गेली की पुढचे दात सैल किंवा वाकडे होतात का? आणि शेजारची दाढ थंड पाण्याने शिवशिवते म्हणतात.

सुरंगी:
सैल होत नाहीत, आणि वाकडेपणाही त्यामुळे येत नाही. शिवशिव मात्र होते. झाकलेलं मूळ थोडं उघडं पडतं, बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरा. टाके निघाले की त्या दाढेच्या मागच्या भिंतीसाठी एकाच झुबक्याचा छोटा ब्रश घ्या. तोंड अर्धवटच उघडायचं, पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरत नाही. एक्स-रेत अक्कलदाढेची मुळं जबड्यातल्या नसेच्या कालव्याला भिडलेली दिसत असतील तर ओठ बधिर व्हायची शक्यता विचारून घ्या. अशा वेळी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन लागू शकतो, तो जवळ कुठे होतो ते फोनवरच विचारा म्हणजे फेरी वाचेल.