पेरू : १६ दिवस, तिघं जण, सोबत ६७ वर्षांची आई. सल्ला हवा

शनिवारपेठी :
नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात पेरूला जायचं पक्कं केलंय. मी, नवरा आणि आई (बीपीची गोळी चालू आहे, पण पर्वती अजून न थांबता चढते). पुण्यातून निघून पुण्यात परत, हातात १६ दिवस. कागदावरचा बेत असा : लिमा २ दिवस, पाराकास-नाझ्का २, अरेकिपा आणि कोल्काची दरी ३, तितिकाका सरोवर २, कुस्को-माचू पिचू ४, उरलेल्यात अ‍ॅमेझॉन, कारण तेवढी एकच आईची फर्माईश आहे. जमेल का? आम्ही शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही. स्पॅनिश शून्य. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, एकदा हौस फिटली आहे.

गिरमिट :
१६ मधले तीन दिवस विमानांत आणि विमानतळांवरच गेले असं धरा. आपल्याकडून तिकडे थेट विमान नाही. उरले १३. त्यात हे सगळं म्हणजे दीड दिवसात अष्टविनायक. देवदर्शन होईल, दिसेल फक्त बसची खिडकी.

आडवाटेची :
गिरमिट यांना +१. मी दोनदा गेलेय, एकदा मूर्खासारखी आणि एकदा शहाण्यासारखी, म्हणून सविस्तर लिहिते.

पेरूत अंतरं बघून बेत आखू नका, उंची बघून आखा. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर. विमान हे अंतर सव्वा तासात कापतं आणि तुमच्या शरीराला त्याचा पत्ताच नसतो. पहिल्या वेळी आम्ही सकाळी कुस्कोला उतरलो, कोकाच्या पानांचा चहा प्यायलो आणि 'काही होत नाहीये की!' म्हणत दुपारी साक्सायवामानचे दगडी तट बघायला चढ चढलो. रात्री नवऱ्याचं डोकं फुटायची वेळ. मला उलट्या. हॉटेलवाल्याने न विचारता ऑक्सिजनचा सिलिंडर आणून दिला, म्हणजे त्याला रोजचंच असणार. पुढचे दोन दिवस छताकडे बघत काढले.

दुसऱ्या वेळी कुस्कोच्या विमानतळावरून टॅक्सी केली ती थेट खाली उरुबाम्बाच्या खोऱ्यात. तिथलं ओयांतायताम्बो गाव २,८०० मीटरवर आहे. तिथे तीन रात्री राहिलो. तिथूनच माचू पिचूची आगगाडी निघते आणि माचू पिचू त्याहून खाली, साधारण २,४३० मीटरवर. कुस्को शेवटी ठेवलं. कोणालाही काही झालं नाही. आईंच्या डॉक्टरांना डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) विचारा, बीपीची गोळी चालू आहे हे सांगून. मनाने घेऊ नका.

खोऱ्यातले दिवस वाया नाहीत हो. मारासची मिठागरं बघा. डोंगराच्या पोटातून खारट पाण्याचा झरा येतो आणि तो उतारावरच्या हजारो वाफ्यांत फिरवलेला आहे. उरणची आगरं बघितलेल्याला गंमत वाटेल, समुद्र कुठे दिसतच नाही. आणि चिंचेरोला विणकर बायका लोकर रंगवून दाखवतात. निवडुंगावरचा पांढरट किडा तळहातावर चिरडला की गडद लाल रंग येतो, त्यावर लिंबू पिळलं की शेंदरी होतो. माझ्या तळव्यावरचा तो डाग दोन दिवस गेला नव्हता.

नाझ्काप्रेमी :
नाझ्का गाळू नका ना! वाळवंटाच्या जमिनीवर काढलेली एवढी चित्रं जगात कुठे आहेत?

आडवाटेची :
@नाझ्काप्रेमी, चित्रं सुंदरच. पण बघायची तर छोट्या विमानातून, आणि ते प्रत्येक चित्रावर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलतं. आमच्या विमानात सहापैकी चौघांच्या हातात कागदी पिशव्या होत्या.

कागदपत्रे_तयार_ठेवा :
व्हिसा : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा निदान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा लागत नाही. नसेल तर दिल्लीच्या वकिलातीत अर्ज. तिकीट काढण्याआधी नियम एकदा ताजे करून घ्या. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो.

पिवळा ताप (यलो फीवर) : याकडे लोक काणाडोळा करतात. पेरू भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तुम्ही जंगलात गेलात की लिमात बसून राहिलात, हे मुंबई विमानतळावर कोणी विचारत नाही, लशीचं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलगीकरण. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि फक्त ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवर. पण साठीनंतर ही लस डॉक्टर विचार करूनच देतात. त्यामुळे आधी आईंचा डॉक्टर, मग विमानाचं तिकीट. उलटं करू नका.

माचू पिचूचं तिकीट सरकारी संकेतस्थळावरून, दोन-तीन महिने आधी. त्यावर वेळ, मार्ग आणि पासपोर्ट नंबर असतो. माझ्या भावाने बुकिंगनंतर पासपोर्ट बदलला आणि दारात अर्धा तास हुज्जत घातली. जुना पासपोर्ट बरोबर होता म्हणून सुटला.

मावशी_ऑन_व्हील्स :
ज्येष्ठांसाठी मुद्द्याचं : माचू पिचूच्या आत स्वच्छतागृह नाही. दाराबाहेरच जाऊन घ्या, बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत. आतल्या ठरलेल्या मार्गांना सर्किट म्हणतात. आईंना चढ नको असेल तर सर्किट ३ खालच्या अंगाने जातं. कॅलेंडरवरचा फोटो मात्र सर्किट २ वर मिळतो. पर्वती चढणारी बाई आहे, २ घ्या.

सातारी_तर्री :
खाण्याचं मी सांगतो. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणाल तर मटण-बीफ काढून चिकन घालून देतात, प्रेमाने. मी किनोआचं सूप मागवलं होतं, चमचा घातला तर तळाशी कोंबडीचा पाय. चिठ्ठी लिहून ठेवा : मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, त्यांचं पाणीसुद्धा नाही. भाज्यांच्या सुपाचं पाणीही बहुतेक हाडांचंच असतं. बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा सॉस घालतात, 'पापा आ ला वांकाइना', तो मागवा आणि वरचं अंडं काढायला 'सिन वेवो' म्हणा. मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि चीज रस्त्यावर मिळतं. चिरिमोया म्हणजे सीताफळाची सख्खी बहीण.

आणि आईंची एकादशी आली तर काळजीच नको. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, उपवासाचं अर्धं ताट मुळात अमेरिका खंडांतलंच. कुस्कोच्या बाजारात 'किविचा' मागा. राजगिरा आहे तो! लाह्यांच्या वड्याही मिळतात, थेट आपली चिक्की.

गिरमिट :
डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. कोपरा फाटलेली नोट मला तिकडे कोणी घेतली नाही. स्वेटरही न्या, मे महिन्यात डोंगरात दिवसा ऊन आणि रात्री कडाका.

शनिवारपेठी :
सगळ्यांचे खूप आभार. नाझ्का, अरेकिपा, तितिकाका काढलं (नवरा रुसलाय). आता अ‍ॅमेझॉनचं सांगा. काहीजण म्हणतात कुस्कोहून प्वेर्तो माल्दोनादो सोपं.

आडवाटेची :
सोपंच. कुस्कोहून विमानाने तासाभराच्या आत, मग होडीने लॉजवर. पोपट, माकडं, पाणमांजरं. जंगल म्हणून उत्तम.

रानभूल :
पण ती अ‍ॅमेझॉन नव्हे ना! तिथल्या नद्यांचं पाणी बोलिव्हिया, ब्राझीलमधून फिरून मग कुठे अ‍ॅमेझॉनला मिळतं. आईंना जंगल बघायचंय की नदी, हे विचारा. नदी असेल तर इकितोस. त्या गावाला बाहेरच्या जगातून रस्ताच नाही, विमानाने या नाहीतर होडीने. मे महिन्यात पाणी चढलेलं असतं, होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते.

शनिवारपेठी :
विचारलं. आई म्हणाली, 'मी भूगोल शिकवत होते गं. तीस वर्षं ती नदी फळ्यावर खडूने काढली. मला नदी बघायची आहे, माकडं कात्रजला आहेत.' म्हणजे इकितोस. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतली आहे, लशीचं काय ते ठरलं की तिकिटं. तिचा एक प्रश्न आहे, तसाच्या तसा लिहिते : मारान्योन आणि उकायाली जिथे मिळतात आणि पुढे अ‍ॅमेझॉन म्हणतात, ती जागा बघता येते का?

रानभूल :
येते! इकितोसहून नौता नावाच्या गावापर्यंत रस्ता आहे, साधारण शंभर किलोमीटर. तिथून होडी करा. संगम गावाजवळच आहे. आईंना पुढच्या फळीवर बसवा आणि डोक्याला टोपी द्या.