मदत हवी आहे: मुलाला घेऊन परदेश प्रवास

मनवा६७
नमस्कार. मुलगा २६ वर्षांचा आहे, स्पेशल. त्याला घेऊन नोव्हेंबरात बाहेर जायचं आहे, मी, हे आणि तो. व्हिसाचा एजंट रोज नवीन काहीतरी काढतो. आज म्हणाला, याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे देश सोडताना सरकारी तपासणी हवी असा शिक्का, विमानतळावर अडवतील. हे म्हणतात, राहू दे, मी थांबतो त्याच्याजवळ, तू एकटी जाऊन ये. मला ते नको आहे. विमानात कसं न्यायचं, औषधांचं काय, काउंटरवर काय सांगायचं, एवढंच विचारतेय. "कशाला एवढा त्रास घेता" हे कृपया कोणी लिहू नये, ते सांगायला घरचे पुरेसे आहेत. जरा लवकर सांगा, तिकिटं रोज चढतायत.

निवांत_प्रवासी
बाहेर म्हणजे कुठे? आणि स्पेशल म्हणजे नक्की काय? व्हीलचेअर लागते का?

भटक्या_जोशी
डोळे मिटून क्रूझ घ्या. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, तरी आठवडाभर राजासारखे राहिले. खोली तीच, बॅग एकदाच उघडायची, खाणं वेळेवर. विमानाच्या भानगडीत पडूच नका.

मनवा६७
क्रूझ नको हो. सिंगापूर. चालायला काही अडचण नाही, माझ्यापेक्षा भरभर चालतो. ऑटिझम आहे आणि घाबरतो. रांग हलेनाशी झाली की स्वतःचा हात चावतो. घरात बोलतो, अनोळखी माणसासमोर एक शब्द नाही.

टपाल_खातं
ईसीआरचं आधी मिटवू. दहावीचं प्रमाणपत्र जोडलेलं नसलं की पासपोर्ट ईसीआर निघतो, आपल्या बऱ्याच मुलांचं तसंच होतं. पण ती तपासणी नोकरीसाठी जाणाऱ्यांची, तीही ठरावीक १८ देशांपुरती. त्यात यूएई, मलेशिया, थायलंड आहेत, सिंगापूर नाही. शिवाय तुम्ही पर्यटक व्हिसावर, परतीच्या तिकिटासह जाताय. एजंटला सरळ विचारा, कुठला नियम ते लिहून दे. गप्प बसेल. (पुढेमागे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी झाली तर तो शिक्काही जातो.)

भटक्या_जोशी
सिंगापूरहून क्रूझ सुटतात, माहितीसाठी सांगतोय.

कोथरूडची_मीरा
माझी भाची अशीच आहे, म्हणून लिहिते. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून टाका. चेक-इन, सिक्युरिटी, इमिग्रेशन, सगळीकडे माणूस पुढे काढतो. रांगच नाही तर हात चावायचा प्रश्नच नाही. आम्ही दर वेळी हेच करतो.

सह्यकडा
चालता येणाऱ्याने व्हीलचेअर घ्यायची? मुंबई विमानतळावर बघा, विमानापर्यंत पन्नास खुर्च्या आणि उतरल्यावर त्यातले निम्मे बॅग घेऊन पळत सुटतात. ज्याला खरंच गरज आहे तो ताटकळतो.

कोथरूडची_मीरा
भाचीची गरज खरी नाही हे तुम्ही ठरवणार? पाय चालतात म्हणून सगळं ठीक असतं का? कधी मॉलमध्ये जमिनीवर लोळण घेतलेल्या बाविशीच्या मुलीला सांभाळलंय?

सह्यकडा
ताई, गरज खोटी म्हटलं नाही. मदत मागा, पण जी हवी तीच. व्हीलचेअरचं साधन सर्रास वापरलं तर नियम कडक होतील आणि भुर्दंड खऱ्या पांगळ्यांना.

आभा_ठाणे
"पांगळे" वगैरे शब्द नकोत, प्लीज.

मनवाताई, माझा मुलगा ३१ चा, ऑटिझमच. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. खुर्चीत बसवलं तर माझा उलट बिथरतो, अनोळखी माणूस मागून ढकलतोय हेच त्याला सहन होत नाही. तुमच्याच मुलाला काय चालेल ते तुम्हीच जाणता. विमान कंपन्यांकडे बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्वासाठी वेगळा कोड असतो, डीपीएनए. फोनवरची मुलगी "व्हीलचेअर लावू का मॅडम" एवढंच म्हणत राहील. तुम्ही तो कोड सांगा आणि बुकिंगवर आला की नाही ते ईमेलवर लेखी मागवा. उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवलेलं असलं म्हणजे झालं. नुसती मदत हवी असेल तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मागायचं नाही असं डीजीसीएचं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, म्हणणं आहे. २०२२ मध्ये रांचीला एका मुलाला विमानात चढू दिलं नव्हतं, त्या कंपनीला पाच लाख दंड झाला आणि नंतर नियमात घातलं की विमानतळावरच्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय नाकारायचं नाही. त्या नियमाची प्रत हँडबॅगेत ठेवा. काउंटरवर बाकी काही बोलायचं नाही, कागद पुढे करायचा.

सूर्यफुलांच्या चित्राचा, गळ्यात घालायचा हिरवा पट्टा मुंबईत विमानतळावर मागून बघा. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाला तो. न दिसणारं अपंगत्व आहे एवढंच त्यातून कळतं. गळ्यात काही घातलेलं चालत नसेल तर तुम्ही घाला.

आणि आधी चढवतात म्हणून आधी चढू नका! सगळे बसेपर्यंत आत अर्धा तास घुसमट. हे पुढे जाऊन बॅगा लावतील, तुम्ही दोघं शेवटी चढा.

कोथरूडची_मीरा
शेवटी चढलात की सगळं विमान टकामका बघतं. आधीच बरं.

निवांत_प्रवासी
औषधं कुठली चालू आहेत? ते महत्त्वाचं.

मनवा६७
रात्री रिस्पेरिडोन. फारच झालं तर क्लोनाझेपामची अर्धी गोळी. चेक-इन आणि विमानात सतत च्युइंगम, त्याने शांत राहतो, मोठं पाकीट घेऊनच ठेवलंय.

क्लेमेंटीकर
थांबा! च्युइंगम सिंगापूरला आणायचं नाही. १९९२ पासून बंदी आहे. विमानात संपवा, उरलेलं विमानातच टाका. परतीसाठी सिलिकॉनचं चावायचं खेळणं मिळतं ते पाहा, पण आत्तापासून सवय लावा. ऐन वेळी दिलं तर थुंकून टाकेल.

क्लोनाझेपाम इथे सिंगापुरात नियंत्रित औषधात येतं, आणण्याआधी आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची म्हणजे एचएसएची परवानगी लागते. ऑनलाइन अर्ज करता येतो, दोन-तीन आठवडे तरी हाताशी ठेवा. मानसोपचारतज्ज्ञांकडून इंग्रजीत पत्र घ्या, त्यात ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि एकूण गोळ्या हव्यात. रिस्पेरिडोनही त्याच पत्रात लिहून घ्या, आणि दोन्हींबद्दल एचएसएच्या साइटवर एकदा बघाच. पट्ट्या मूळ वेष्टनात. ते सोमवार ते रविवारचे प्लास्टिकचे डबे घरी ठेवा.

इमिग्रेशनला चेहरा, डोळे, बोटांचे ठसे घेतात. मशीनकडे न जाता माणूस बसलेल्या काउंटरवर मदत मागा.

पोपटकाका
गोळ्यांपेक्षा पुष्पौषधीचे चार थेंब जिभेखाली द्या. माझा विमानातला फोबिया त्यानेच गेला. आणि डॉलर घरूनच न्या, तिथे बदलू नका.

आभा_ठाणे
पोपटकाका, डॉलरचं कोणी विचारलंय? थेंब, गोळी, काहीही असो, पहिल्यांदा विमानात द्यायचं नाही. काही मुलांना झोपेच्या गोळीने झोप येण्याऐवजी उधाण येतं. साडेपाच तास तिथून उतरता येत नाही. आधी डॉक्टरांना विचारून घरी बघायचं.

बाय द वे, हॉटेल कुठे घेतलंय?

मनवा६७
हॉटेल कशाला? लेकीकडेच राहायचंय. तिला ऑक्टोबरअखेर बाळ होईल, बारशाला जातोय. म्हणून तर याला सोडून जायचं नाही म्हणते मी. एकुलता एक मामा आहे तो.

निवांत_प्रवासी
अहो, हे आत्ता सांगताय! अभिनंदन.

कोथरूडची_मीरा
अभिनंदन!! मामाशिवाय बारसं होतंय होय.

आभा_ठाणे
अभिनंदन. पण एक विचारते, रागावू नका. बाळ रडलेलं त्याला चालतं का?

*(दुसऱ्या दिवशी)*

मनवा६७
नाही चालत. शेजारी बाळ आहे, ते रडायला लागलं की हा कानावर उशी दाबून न्हाणीघरात जाऊन बसतो. हे म्हणतात ते त्यावरूनच.

आभा_ठाणे
मग विमान हा तुमचा मोठा प्रश्नच नाही. विमान एका दिवसात संपतं, लेकीच्या घरी बाळ रात्री-अपरात्री रडणार. ओली बाळंतीण, त्यात हा घाबरलेला, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये. झोपायला जागा वेगळी घ्या. दिवसा तासभर बाळाकडे जायचं, बाळ झोपलेलं असताना.

भटक्या_जोशी
जवळच एअरबीएनबी घ्या, स्वस्तात पडेल.

क्लेमेंटीकर
नाही हो, सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्याने देणं बेकायदा आहे, सरकारी एचडीबी फ्लॅट तर सहा महिन्यांपेक्षा कमी नाहीच. हॉटेल घ्या, नाहीतर सर्व्हिस्ड अपार्टमेंट, ती आठवड्याच्या मुदतीने मिळतात. लेकीच्या स्टेशनपासून एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, त्याच लाइनवर बघा, म्हणजे गाडी बदलायला नको. सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, पण सकाळी साडेसात ते नऊ गाडीत पाय ठेवायला जागा नसते, दहानंतर निघा.

नोव्हेंबरात दुपारी ढगांचा जोरदार गडगडाट होतो, तेही लक्षात घ्या. कानावरचे हेडफोन बॅगेत नकोत, गळ्यातच असू देत.

मनवा६७
दोन ठिकाणी राहायचं म्हणजे खर्च वाढला. पण हे ऐकून मिस्टर पहिल्यांदाच "बघू" म्हणाले. ते आणि तो हॉटेलवर, मी लेकीकडे, असं काहीसं. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, आई, मी हेच विचारणार होते पण तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होते. बाळ रडल्याचा आवाज रेकॉर्ड करून आत्तापासून हळू आवाजात ऐकवावा का त्याला?

आभा_ठाणे
त्याच्या थेरपिस्टला विचारून करा. अगदी हळू, आणि बंद करायचं बटण त्याच्या हातात. जबरदस्ती झाली तर सिंगापूर म्हटलं तरी पळेल.

सह्यकडा
मीराताई, व्हीलचेअरवरून बोललो ते तुमच्या भाचीबद्दल नव्हतं. तरी मुद्दा कायम आहे.

कोथरूडची_मीरा
असू दे. माझाही.

चकलीताई
सगळे सविस्तर लिहितायत पण मुख्य गोष्ट राहिली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेणारच ना? त्यात खसखस घालू नका. सिंगापुरात खसखस चालत नाही. माझ्या जावेचा अख्खा डबा कस्टमला ठेवून घेतला आणि वर तासभर चौकशी. लेकाला घेऊन तिथे तासभर उभं राहणार आहात का?

मनवा६७
अगं बाई! लाडवांचं सामान कालच आणलं, पाव किलो खसखस आहे त्यात. एजंटला ईसीआरचं विचारलं, "बघतो मॅडम" म्हणाला, तेव्हापासून फोन उचलत नाहीये. ठाणे-डोंबिवलीत दुसरा कोणी चांगला एजंट आहे का?

भटक्या_जोशी
माझ्या ओळखीचा एक आहे. क्रूझही करून देतो.