८ दिवस बाहेर जाताना फिशटँकमधल्या माशांचं काय?
कुणीतरी सुट्टीचा फूड ब्लॉक (खाण्याची घट्ट वडी) टाकून जा म्हणलंय, मी तरी नाही टाकणार. तो हळूहळू विरघळतो, मासे अर्धा खातात, उरलेला तळाशी कुजतो, माशांना विषारी असा अमोनिया वाढतो आणि घरी आल्यावर पाणी दुधाळ. ८ दिवसांचाच प्रश्न असेल तर मोठे, धडधाकट मासे उपाशी आरामात राहतात हो, थंड रक्ताचे प्राणी ते, आपल्यासारखी दर ४ तासांनी भूक लागत नाही त्यांना. पिल्लं असतील तर मात्र गोष्ट वेगळी, त्यांना रोज लागतं.

शेजाऱ्यांना सांगणार असाल तर खाण्याचा डबा अजिबात हातात देऊ नका, प्रेमापोटी मूठभर ओततात लोक! गोळ्यांच्या वारवाल्या डबीत एक दिवसाआड चिमूटभर भरून ठेवा, बाकीचा डबा लपवा सरळ. ऑटो फीडर (आपोआप खाणं टाकणारं यंत्र) घेतलात तर आठवडाभर आधी लावून बघा, दमट हवेनं खाणं चिकटून बसतं त्यात किंवा एकदम जास्त पडतं.

पाणी २५-३० टक्के बदलायचं ते निघायच्या २-३ दिवस आधी, म्हणजे काही बिघडलंच तर तुम्ही घरी असता. फिल्टरचा स्पंज त्याच वेळी नळाखाली खसाखसा धुवू नका, क्लोरीननं पाणी साफ ठेवणारे चांगले बॅक्टेरिया मरतात. आणि जायच्या तोंडावर नवीन मासे नकोतच. लाईटला टायमर, ६-७ तास पुरे.

लाईट जाते का तुमच्याकडे? मग फीडरपेक्षा बॅटरीवाला एअरपंप (पाण्यात हवा सोडणारा) आधी घ्या.