देवनागरी राहिलीच की!

ग्राफिक डिझाइनसाठी प्रेरणा कुठून घ्यावी, याची कुणीतरी दिलेली यादी वाचली. यादी झकास आहे, पण सगळी पोस्टर्स स्विस नाहीतर पोलिश. उपयोजित कला शिकतेय, म्हणून थोडी भर घालते.

अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी केलेल्या नाटकांच्या जाहिराती जुन्या वर्तमानपत्रांत शोधा. वर्तमानपत्रातली चिमूटभर जागा, बहुतेकदा काळा-पांढरा रंग, चित्राला वाव नाही. मग अक्षरांनीच चित्राचं काम करायचं. शीर्षक बघूनच नाटक गंभीर की फार्स हे कळायचं. हे कुठल्याही फॉण्टला जमणार नाही!

दुसरे सुलेखनकार र. कृ. जोशी. विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉण्ट त्यांचाच, पण मला त्यांचं सुलेखन जास्त आवडतं. स्वतः बोरू (तिरक्या टोकाची लेखणी) धरून पाहा. देवनागरीसाठी त्याचं टोक रोमनच्या उलट दिशेने तिरकं कापतात, त्यामुळे जाड-बारीक रेषांच्या जागाच बदलतात. रोमनचा टाक घेऊन 'क' काढला की तो परका का दिसतो, ते तिथे उमगतं.

जाहिरातीत अमूलची मुलगी आहेच, 1966पासून. ठिपक्यांचा फ्रॉक, नाक गायब, एक शाब्दिक कोटी, बास. कोट्या मात्र हल्ली कधीकधी ओढूनताणून वाटतात.

यादीत चित्रकार दीनानाथ दलालही घ्या, 'दीपावली' या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठांसाठी.