इमर्जन्सीत शेवटचे तास: काय चालू ठेवायचं, काय बंद?

नवी_सिस्टर
‘सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न) करायचं नाही’ असं डॉक्टरांनी लिहिलंय आणि वॉर्डात बेड मिळेपर्यंत रुग्ण इमर्जन्सीतच राहणार, अशा वेळी नर्सने नेमकं काय करायचं? घशातून घरघर सुरू झाली की नातेवाईक सक्शन (नळीने स्राव ओढून काढणं) मागतात. आणि मॉर्फिन दिलं की श्वास थांबेल, ही भीती सगळ्यांनाच असते.

ट्रायाज_ताई
आधी ऑर्डर नीट वाचा. तेवढ्या एका ओळीने सलाईन, अँटिबायोटिक बंद होत नाहीत. काय थांबवायचं ते डॉक्टरांकडून एकेक करून लिहून घ्या, नाहीतर पाळी बदलली की पुढची सिस्टर दर तासाला बीपी घेते आणि शुगरसाठी बोट टोचत राहते.

मॉनिटर काढायचा ठरला तर पूर्ण काढा. नुसता म्यूट केला तर अलार्म थोड्या वेळाने परत वाजतो आणि घरचे रुग्णाला सोडून स्क्रीनकडे बघत बसतात. रुग्णाला आयसीडी (हृदयाची लय बिघडली की आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवलेला असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, नाहीतर तो अगदी शेवटीही शॉक देऊ शकतो. बंद करणारा तंत्रज्ञ येईपर्यंत बहुतेक वेळा त्यावर मॅग्नेट चिकटवून ठेवतात.

एक आयव्ही लाइन मात्र जपा. ती गेलीच तर शीर शोधत हात टोचत राहू नका; दंडावर किंवा छातीवर कातडीखाली बटरफ्लाय (पंखांची बारीक सुई) लावूनही औषधं देता येतात.

पॅलिएटिव्ह_नर्स
रुग्णाला गिळता-खोकता येत नाही म्हणून स्राव घशात साठतो, त्याची ती घरघर. खोल सक्शनने तो फारसा निघत नाही, उलट घसा दुखावतो आणि उबळ येते. कुशीवर वळवा, डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, तोंडात दिसतं तेवढंच हळू काढा. ग्लायकोपायरोलेट ०.२ मिग्रॅ कातडीखाली देतात, पण ते नवा स्राव कमी करतं, साठलेला सुकवत नाही. म्हणून आवाज सुरू होताच डॉक्टरांना विचारा. सलाईन जोरात चालू असेल तर तेही कमी करायला सांगा.

मॉर्फिनबद्दल: आधी कधी न घेतलेल्याला धाप किंवा वेदनेसाठी शिरेतून १ ते २ मिग्रॅ, हळूहळू देतात, मग १५ मिनिटं थांबून श्वासाची गती आणि चेहरा बघून पुढचा डोस ठरतो. असं मोजून दिलं तर धाप कमी होते. धोका असतो तो एकदम मोठा डोस देण्यात. किडनी निकामी असेल तर मॉर्फिनचे घटक अंगात साठतात, हातपाय झटके देतात. तिथे डॉक्टर बहुधा फेंटानिल निवडतात.

नवी_सिस्टर
आणि रुग्ण तळमळत असेल, चादर ओढत असेल तर?

पॅलिएटिव्ह_नर्स
मिडाझोलॅम (शांत करणारं औषध) मागण्याआधी ओटीपोट चाचपा. लघवी तुंबणं हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं आणि कॅथेटर घातल्यावर माणूस शांत होतो.

ट्रायाज_ताई
नातेवाईकांना खुर्ची द्या, पडदा ओढा. श्वासात अर्ध्या मिनिटाचाही खंड पडेल, गुडघे निळसर-जाळीदार दिसतील, हे आधीच सांगा. ओठ ओले करायला स्पंजचा बोळा त्यांच्याच हाती द्या, पण घोटभर पाणी पाजू नका, ठसका लागतो. गेल्यावर ‘मृत्यू झाला’ असंच स्पष्ट सांगायचं. ‘आता शांत आहेत’ म्हटलं की घरचे झोप समजतात. प्रकरण पोलिसांकडे जाणार असेल तर नळ्या, कॅन्युला काहीही काढू नका, आहे तिथेच टेप करून ठेवा.